जुना तक्ता जाता जाईना

औषधांची माहिती देणाऱ्या एका संकेतस्थळाचे सर्व्हर मी सांभाळते. मजकूर लिहिणं-तपासणं हे काम दुसऱ्यांचं, तो वाचकापर्यंत नीट पोचतो की नाही हे बघणं माझं. एका औषधाच्या पानावर मुलांच्या वजनानुसार मात्रेचा तक्ता होता आणि त्यातल्या एका ओळीत दशांशचिन्ह एक घर सरकलेलं होतं. संपादकांच्या ते लक्षात आलं, त्यांनी तिथल्या तिथे दुरुस्त केलं, डेटाबेसमध्ये नवा आकडा गेला. तरीही जुना आकडा काही जाईना. संपादकांचा फोन आला, "मॅडम, माझ्या कंप्युटरवर नवा तक्ता दिसतोय आणि शेजारच्यांच्या मोबाइलवर जुना. दोघांनी आत्ताच उघडलंय पान."

एरवी एखाद्या लेखाचं शीर्षक थोडा वेळ जुनं राहिलं तर कुणाचं काही बिघडत नाही. मात्रेच्या आकड्याचं तसं नाही. ते पान वाचणाऱ्याच्या एका हातात औषधाची बाटली असू शकते. त्यामुळे हे काम घाईचं होतं, आणि घाईचं होतं म्हणूनच ते बेतानं करायला हवं होतं.

आमच्या टीममधला सहकारी म्हणाला, "सगळा कॅशे उडवून टाक ना, एका कमांडचं काम आहे." कॅशे म्हणजे पान पटकन देता यावं म्हणून साठवून ठेवलेल्या तयार प्रती. कमांड एकच आहे हे खरं. रेडिस हा आमच्या तयार तुकड्यांचा मेमरीतला साठा, आणि त्याची फ्लशऑल कमांड त्या सर्व्हरवरचे सगळेच्या सगळे डेटाबेस रिकामे करते, मागे जोडलेल्या रेप्लिकांवरही (त्याच्या हुबेहूब प्रती ठेवणाऱ्या सर्व्हरांवरही) तेच घडतं, आणि ती "नक्की करू का?" असं विचारतसुद्धा नाही. आमच्या रेडिसमध्ये पानांच्या तुकड्यांबरोबर लोकांची लॉगिन सत्रंही होती. ती गेली असती तर वापरत असलेला प्रत्येक जण एका क्षणात बाहेर फेकला गेला असता. शिवाय हजारो पानं एकाच वेळी नव्यानं बनवायची वेळ मुख्य डेटाबेसवर आली असती. तो त्या माराखाली वाकला असता, तर दुरुस्त केलेला तक्ता मिळणं दूरच, पानच उघडलं नसतं. पण माझा खरा आक्षेप वेगळा होता. जुनी प्रत नेमकी कुठे बसली आहे हे कळण्याआधी पुसायला घेतलं, तर ती गेली की नाही हे आपण कशावरून ठरवणार?

आमच्याकडे वाचक आणि डेटाबेस यांच्यामध्ये बरीच दारं आहेत. वाचकाच्या ब्राउझरचा स्वतःचा साठा. मग सीडीएन. म्हणजे वाचकांजवळच्या सर्व्हरांवर पानांच्या प्रती ठेवणारी सेवा. त्यामागे वार्निश (पानांच्या प्रती साठवून देणारं सॉफ्टवेअर) चालवणारे अनेक सर्व्हर, आणि यातल्या प्रत्येकाची मेमरी वेगळी, एकाला दुसऱ्याचं काही माहीत नसतं. त्यामागे ॲप्लिकेशन, आणि ॲप्लिकेशनच्या बाजूला रेडिस, ज्यात तयार झालेले पानांचे तुकडे ठेवलेले असतात. संपादक लॉगिन करून काम करतात, म्हणून त्यांची विनंती या सगळ्यांना वळसा घालून थेट डेटाबेसपर्यंत जाते. त्यांना नवा तक्ता दिसत होता यावरून दुरुस्ती झाली एवढंच सिद्ध होत होतं, वाचकांना काय दिसतं याबद्दल काहीच नाही.

मी टर्मिनल उघडून कर्लपासून, म्हणजे कमांडनं पान मागवणाऱ्या साधनापासून, सुरुवात केली. कर्लमध्ये रिझॉल्व्ह नावाचा एक पर्याय आहे. संकेतस्थळाचं नाव तेच ठेवून ते आपल्याला हव्या त्या आयपी पत्त्यावर जोडता येतं. त्यामुळे सीडीएनला बाजूला सारून प्रत्येक वार्निश सर्व्हरला थेट विचारता येतं, "हे पान तुझ्याकडे कसं आहे?" सर्व्हरांची यादी एका लूपमध्ये घातली, प्रत्येकाकडून हेडर (पानासोबत येणाऱ्या माहितीच्या ओळी) आणि मजकूर दोन्ही मागवले, आणि तक्त्यातली ती एक ओळ ग्रेपनं बाजूला काढली. मग तेच सगळं मोबाइलचा युजर एजंट (ब्राउझरची ओळख) देऊन पुन्हा केलं, कारण आमचं ॲप्लिकेशन मोबाइलसाठी वेगळा तुकडा बनवतं आणि वार्निशही त्याची प्रत वेगळी ठेवतो.

यात बघायचे हेडर दोनच. एक एक्स-वार्निश. त्यात एकच क्रमांक असेल तर पान आत्ता मागून आणलेलं आहे, दोन असतील तर साठ्यातून दिलेलं आहे, आणि दुसरा क्रमांक ज्या विनंतीमुळे ती प्रत साठ्यात आली तिचा. दुसरा हेडर एज, म्हणजे ती प्रत साठ्यात येऊन किती सेकंद झाले.

डेस्कटॉपच्या प्रतींमध्ये काही सर्व्हरांवर नवा तक्ता होता. काहींवर जुना होता आणि तिथे एजचा आकडा मोठा, दुरुस्तीच्या आधीपासूनचा. हे अपेक्षितच. वार्निशनं आधी घेतलेली प्रत त्याची मुदत संपेपर्यंत तो देत राहणार. मोबाइलच्या प्रती बघितल्यावर मात्र मामला वेगळा निघाला. तिथे प्रत्येक सर्व्हरवर जुना तक्ता होता, आणि एका ठिकाणी तर एज होता ९. म्हणजे नऊ सेकंदांपूर्वी मागून आणलेलं अगदी ताजं पान, आणि त्यात जुना आकडा. सगळा उलगडा या एका आकड्यानं केला. एज मोठा आणि मजकूर जुना असेल तर दोष त्या सर्व्हरच्या साठ्यात. एज लहान आणि तरी मजकूर जुना असेल तर तो सर्व्हर निर्दोष आहे, त्याला मागूनच शिळं वाढलं जातंय.

अशा स्थितीत बाहेरून पुसायला घेतलं तर काय होतं, ते सांगायलाच हवं, कारण बहुतेक ठिकाणी बाहेरूनच सुरुवात केली जाते. सीडीएन रिकामा केला, तो वार्निशकडे जाणार. वार्निश रिकामा केला, तो ॲप्लिकेशनकडे जाणार. ॲप्लिकेशन रेडिसमधला जुना तुकडा उचलून देणार, आणि आता तो जुना तुकडा नव्या मुदतीसह, नव्या एजसह पुन्हा सगळीकडे जाऊन बसणार. पुसण्याआधी निदान काही ठिकाणी तो लवकरच मरणार होता. पुसल्यामुळे त्याला नवं आयुष्य मिळालं. म्हणून कायम आतून बाहेर यायचं.

सगळ्यात आत डेटाबेस. आमचं ॲप्लिकेशन वाचन रेप्लिकावरून करतं, तेव्हा आधी रेप्लिकावर नवा आकडा पोचला आहे का ते एका साध्या क्वेरीनं बघून घेतलं. पोचला होता. हे न बघता पुढे गेलं आणि रेप्लिका मागे रेंगाळत असली, तर पुसलेल्या जागी ॲप्लिकेशन पुन्हा जुनंच लिहून ठेवतं.

मग रेडिस. रेडिस-सीएलआयनं (रेडिसला कमांड देण्याच्या साधनानं) जोडणी केली की काही सांगितलं नाही तर आपण शून्य क्रमांकाच्या डेटाबेसमध्ये असतो. मूळ मांडणीत असे १६ डेटाबेस असतात. आमचे तुकडे शून्यात नाहीत, म्हणून आधी क्रमांक दिला आणि डीबीसाइझ (आत किती नोंदी आहेत ते) विचारून खात्री केली की आपण योग्य खोलीत उभे आहोत. त्या पानाच्या मोबाइल तुकड्याच्या कीला, म्हणजे तो ज्या नावानं साठवलेला असतो त्या नावाला, टीटीएल (उरलेली मुदत) विचारला. उत्तर आलं, -१.

की अस्तित्वातच नसती तर -२ आलं असतं. -१ म्हणजे की आहे आणि तिला मुदतच नाही. कुणी हात लावेपर्यंत ती तिथेच राहणार. डेस्कटॉपच्या कीला मात्र व्यवस्थित सेकंद शिल्लक होते. कोड उघडल्यावर कारण दिसलं. पान जतन झालं की ॲप्लिकेशन डेस्कटॉपची की पुसत होतं, आणि नंतर कधीतरी जोडलेल्या मोबाइलच्या तुकड्याला ना मुदत दिलेली होती ना तो पुसण्याची सोय केलेली होती. म्हणजे प्रश्न या एका पानाचा नव्हताच. दुरुस्त झालेलं प्रत्येक पान मोबाइलवर जुनं दिसत असणार, फक्त इथे आकडा मात्रेचा होता म्हणून ते कुणाच्या तरी नजरेला टोचलं. हे कळल्यावर मला फार अस्वस्थ वाटलं, आणि तेवढंच बरंही वाटलं की सरसकट पुसून हे झाकलं गेलं नाही.

आता कीज शोधायच्या होत्या. कीज नावाचीच एक कमांड आहे आणि चालू सर्व्हरवर ती मी कुणालाही वापरू देत नाही. रेडिसच्या स्वतःच्या दस्तऐवजात लिहिलं आहे की साध्या लॅपटॉपवर १० लाख कीजचा डेटाबेस ती ४० मिलिसेकंदांत चाळते. ऐकायला हे थोडं वाटतं. पण रेडिस कमांड एकामागून एक चालवतो, तेव्हा तेवढा वेळ बाकी सगळे रांगेत थांबतात, आणि कीज वाढल्या की तो वेळही त्याच प्रमाणात वाढतो. त्याऐवजी स्कॅन. ती थोड्या थोड्या कीज देते, मध्ये इतरांची कामं होऊ देते. तिची हमी अशी, की चाळणी सुरू झाल्यापासून संपेपर्यंत जी की सतत हजर होती ती नक्की सापडणार. एखादी दोनदा येऊ शकते, पण पुसायच्या कामात त्यानं बिघडत नाही. रेडिस-सीएलआयला स्कॅन आणि पॅटर्न हे पर्याय दिले की ही सगळी चाळणी तो आपणहून करतो.

पहिल्या फेरीत मी कधीच पुसत नाही, फक्त मोजते आणि बघते. यावेळीही तसंच केलं, आणि यादी डोळ्यांखालून घातली तेव्हा तिचा उपयोग लगेच दिसला. आमच्या कीच्या नावात पानाचा क्रमांक आणि त्यानंतर विसर्गचिन्हासारखी दोन टिंबं येतात. पॅटर्नमध्ये ४१ नंतर लगेच तारा (पुढे काहीही चालेल असं सांगणारं चिन्ह) दिला तर ४१० आणि ४१२७ क्रमांकाची पानंही जाळ्यात येतात. ४१, दोन टिंबं, मग तारा, असं दिल्यावर नेमकी आपल्या पानाचीच यादी आली. पॅटर्न एकेरी अवतरणात ठेवावा लागतो, नाहीतर त्या ताऱ्याचा अर्थ शेल (टर्मिनलमध्ये लिहिलेली कमांड वाचणारा प्रोग्राम) स्वतःच लावायला जातं.

यादी मनासारखी आल्यावर तीच एक्सआर्ग्जमधून (यादी दुसऱ्या कमांडच्या हाती देणाऱ्या साधनातून) अनलिंककडे पाठवली. डिलीट आणि अनलिंक दोघी की काढूनच टाकतात. अनलिंक, जी रेडिस ४.० पासून आहे, ती की लगेच दृष्टीआड करते आणि मेमरी मोकळी करण्याचं काम मागे दुसऱ्या थ्रेडवर (समांतर चालणाऱ्या कामावर) सोपवते. आमचे तुकडे लहान होते, फरक पडला नसता, पण हात अनलिंकचाच बरा. तिनं किती कीज काढल्या तो आकडा परत दिला, तो माझ्या यादीतल्या संख्येशी जुळला. त्यानंतर थोडं थांबून टीटीएल पुन्हा विचारला. हे थांबणं मुद्दाम. पुसण्याच्या क्षणी एखादी विनंती जुना आकडा वाचून अर्ध्या वाटेत असेल, तर ती आपल्यानंतर येऊन जुना तुकडा परत ठेवू शकते. की परत तयार झालेली होती, आत नवा आकडा होता. आत सगळं स्वच्छ झालं.

तोवर सहकाऱ्यानं कोडमधली ती जागा दुरुस्त करून मुदत जोडली होती. बाकीच्या पानांचे मुदत नसलेले मोबाइल तुकडे त्यानंतर याच रीतीनं, पण गठ्ठ्यागठ्ठ्यानं आणि डेटाबेसवरचा ताण बघत बघत काढले. मात्रेची पानं आधी.

त्यानंतर वार्निश. हे सॉफ्टवेअर २००६ मध्ये एका नॉर्वेजियन वृत्तपत्राच्या गरजेतून जन्माला आलं आणि त्याचा मुख्य रचनाकार पॉल-हेनिंग कॅम्प. ज्या वृत्तपत्राला बातमी क्षणात बदलावी लागते त्याच्यासाठी बनलेलं असल्यानं जुनी प्रत काढायच्या सोयी त्यात चांगल्या आहेत. पर्ज एका पत्त्याची प्रत तिच्या सगळ्या प्रकारांसह काढते, म्हणजे मोबाइल-डेस्कटॉप दोन्ही एकदम. पण पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह आणि काही शेपूट आलं, की वार्निशच्या लेखी तो वेगळा पत्ता. वृत्तपत्रिकेतल्या किंवा समाजमाध्यमांवरच्या दुव्यांना अशी शेपटं हमखास असतात. त्या दुव्यांवरून येणारे वाचक पर्जनंतरही जुनीच प्रत बघत राहिले असते. म्हणून मी बॅन वापरला.

बॅनमध्ये आपण एक अट लिहितो, आणि त्या अटीत बसणारी, अटीच्या आधी साठवलेली प्रत्येक प्रत बाद होते. ती त्याच क्षणी मेमरीतून जात नाही. अट यादीत जाऊन बसते, आणि कुणी ती प्रत मागितली की देण्याआधी ती अटीशी ताडून बघितली जाते. शिवाय लर्कर नावाचा एक थ्रेड मागे फिरत प्रती तपासत असतो, पण त्याला फक्त साठवलेल्या प्रतीची माहिती असते, विनंतीची नाही. अट विनंतीच्या पत्त्यावर लिहिली तर लर्करला ती वापरता येत नाही आणि यादी साचत जाते. आमच्या मांडणीत प्रत साठवतानाच तिचा पत्ता तिच्याच एका हेडरमध्ये लिहून ठेवला जातो, वाचकाला देताना तो काढून टाकला जातो. अट त्या हेडरवर लिहिली.

अट लिहिताना पत्ता सुरुवातीपासून बांधला, होस्टचं (संकेतस्थळाचं) नाव घातलं, कारण त्याच वार्निशमागे दुसरंही संकेतस्थळ आहे. शेवटी म्हटलं की क्रमांकानंतर एकतर प्रश्नचिन्ह यावं नाहीतर पत्ता संपावा. प्रश्नचिन्हाला उलटी तिरकी रेघ लावण्याऐवजी ते चौकटी कंसात लिहिलं: [?]. वार्निशॲडमला (वार्निशला आज्ञा देण्याच्या साधनाला) दिलेली कमांड आधी शेल वाचतं, मग वार्निश स्वतः वाचतो, आणि तिरकी रेघ या दोन हातांतून जाताना हमखास गळते. चौकटी कंस जसाच्या तसा पोचतो.

वार्निशॲडम एका वेळी एकाच सर्व्हरशी बोलतो. लूप लावून सगळ्यांना एकदम सांगता आलं असतं, पण मी पहिल्या सर्व्हरवर बॅन दिला, बॅनची यादी मागवून तो नोंदला गेल्याचं बघितलं, आणि कर्लनं त्याच सर्व्हरला चारही तऱ्हांनी विचारलं: डेस्कटॉप, मोबाइल, शेपटासह आणि शेपटाविना. चारही ठिकाणी पहिल्या वेळी एक्स-वार्निशमध्ये एकच क्रमांक, दुसऱ्या वेळी दोन, एज लहान, तक्ता नवा. मग उरलेले सर्व्हर लूपनं. दुसऱ्या खिडकीत वार्निशचे आकडे दाखवणारा वार्निशस्टॅट चालू होता. एका पानाच्या बॅननं हिटचं (साठ्यातून दिलेल्या उत्तरांचं) प्रमाण जेमतेम हललं. एकाच पत्त्यासाठी अनेक जण एकदम आले तरी वार्निश मागे एकालाच पाठवतो आणि बाकीच्यांना तीच प्रत देतो, त्यामुळे एखादं पान पुसण्याची भीती बाळगायचं कारण नाही. भीती असते ती हजार वेगवेगळी पानं एकदम पुसण्याची.

पर्जचाच एक सौम्य प्रकारही आहे, ज्यात प्रत शिळी ठरते पण नवी येईपर्यंत जुनी दिली जाऊ शकते. बातम्यांसाठी तो उत्तम. मात्रेच्या तक्त्यासाठी जुनी प्रत आणखी एकदाही देणं मला मान्य नव्हतं.

सीडीएनचं काम थोडक्यात उरकलं. त्याच्या एपीआयला (प्रोग्रामकडून आज्ञा घेण्याच्या सोयीला) कर्लनंच विनंती पाठवली, पत्त्याच्या पूर्वपदावरून पुसायला सांगितलं म्हणजे शेपटांचे दुवेही त्यात आले. एपीआयनं २०० दिलं याचा अर्थ विनंती पोचली. पान बदललं का, ते यावेळी रिझॉल्व्ह न लावता सरळ मागवून पुन्हा त्या ओळीवरून तपासलं.

उरला वाचकाचा ब्राउझर, आणि तिथे कुठलीच कमांड पोचत नाही. आमच्या पानांना मॅक्स-एज, म्हणजे प्रत न विचारता वापरायची मुदत, ३६०० सेकंद होता. शेवटची जुनी प्रत ज्याच्याकडे गेली, त्याला ती एक तास तशीच दिसू शकत होती आणि तो पान पुन्हा उघडूनही विनंती आमच्यापर्यंत आलीच नसती. मला यातली सगळ्यात जास्त खंत याची वाटते. त्या वाचकांसाठी संपादकांनी नोंदणी केलेल्या सगळ्यांना लगेच मेल पाठवला, त्यात चुकलेली ओळ आणि बरोबर आकडा दोन्ही दिले, दुव्यावर विसंबून राहिले नाहीत. पानाच्या माथ्यावर दुरुस्तीची तारखेसह नोंदही आली.

माझ्या बाजूनं मात्रेच्या पानांचा कॅशे-कंट्रोल (प्रत कुणी किती वेळ ठेवायची ते सांगणारा हेडर) बदलला. त्यातली एस-मॅक्सएज ही मुदत आमच्या सामायिक साठ्यांसाठी, कारण तिथे आपल्याला पुसता येतं. ब्राउझरसाठी मॅक्स-एज शून्य आणि सोबत मस्ट-रीव्हॅलिडेट, म्हणजे प्रत ठेवायला हरकत नाही पण दाखवण्याआधी दर वेळी विचारायचं. बदल नसेल तर सर्व्हर ३०४ एवढंच उत्तर देतो, मजकूर पुन्हा जात नाही. विनंत्या वाढल्या, ते मान्य.

आता हा सगळा क्रम एका स्क्रिप्टमध्ये आहे. तिला पानाचा क्रमांक द्यावा लागतो. नुसता तारा किंवा रिकामी जागा दिली तर ती पुढे जात नाही. आधी रेप्लिका बघते, मग रेडिसमधली यादी दाखवून थांबते, "हो" लिहिल्यावरच अनलिंक करते, मग वार्निश, मग सीडीएन. शेवटी प्रत्येक सर्व्हरकडून डेस्कटॉप आणि मोबाइलचा एज आणि संपादकांनी सांगितलेली ती ओळ छापते. संपादकांनाही ती वापरायची परवानगी आहे, आणि एखादी दुरुस्ती केली की त्या छापील ओळी ते स्वतः वाचून मला कळवतात.